एकतीस सह्यांचं छप्पर

...नाही, योजना चांगली आहे हो, मी कुठे नावं ठेवतेय! सरकार पक्कं छप्पर घालून देणार, वादळात न उडणारं, मग विम्याचा हप्ता निम्मा. प्रायोगिक तत्त्वावर! म्हणजे लुइझियानातल्या आम्हा खाडीकाठच्या माणसांवर आधी करून बघायचं! इथे हप्ता झेपत नाही म्हणून दोन वर्षं विमाच नाही, छपरावर निळी ताडपत्री, वादळाचा मोसम तोंडावर... अर्ज करणार नाही तर काय करणार?

ऑफिसातली पोरगी गोड. "मिस युलाली, घर कुणाच्या नावावर?" अगं, आजेसासऱ्यांनी बांधलं, माझा नवरा ओडिलॉन तिथेच जन्मला नि तिथेच गेला, नावावर कशाला करायचं? आमच्याकडे माणूस गेलं की वकील नाही बोलावत, गम्बोचं, आमच्या कोळंबीच्या रश्श्याचं, पातेलं चढवतात! "मग सगळ्या वारसांच्या सह्या आणा." किती? एकतीस!

तुम्हाला सांगते, निम्म्यांची तोंडं मी पाहिली नव्हती. ह्यूस्टनची भाची म्हणते, "मामी, माझा वाटा किती?" म्हटलं, खिडकीची एक काच घे! आत्तेसासूबाई क्लोटिल्डनी मात्र पहिली सही केली, वय एक्याण्णव. झाल्या तीस. राहिला माझा दीर, अल्सीड. बारा वर्षं अबोला, कारण ओडिलॉनची कोळंबीची होडी मी त्याला न विचारता विकली होती. गेले त्याच्याकडे. नाकात ऑक्सिजनची नळी. "होडी मी घेतली असती, वहिनी... विचारायचं तरी." चूक माझीच होती. सही केली त्यानं, आणि दोघंही रडलो.

पण योजना चांगली आहे हं! कागद दिले, आणि आठवड्यात अल्सीड गेला. गम्बो मीच केला. त्याची पाचही पोरं जेवून आपापल्या गावी गेली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या पोरीचा फोन. "मिस युलाली, मंजुरीआधी वारले ना, सही बाद. आता त्यांच्या वारसांच्या आणा." म्हणजे एकतिसाचे पस्तीस!

आता मी रोज सकाळी क्लोटिल्ड आत्यांना फोन करते. गोळ्या घेतल्यात? जेवलात? एकट्या जिना उतरू नका हं! म्हातारी गहिवरते, "युलाली, अख्ख्या घराण्यात माझी काळजी तुला एकटीला गं!"

काय सांगू त्यांना? नऊ पोरं आहेत त्यांना.