मासेमारी न करणारा जोडीदार

...नाही, मला सांगा, ही काय व्याख्या झाली? 'मासेमारी न करणारा जोडीदार'! प्रवासी कंपनीचा छापील अर्ज, दोन रकाने. पहिल्यात 'मासेमारी करणारा', तिथं आमच्या ह्यांचं नाव, पुंडलिक, ठळक अक्षरांत. आणि दुसऱ्यात मी. तुम्हाला सांगते, बावीस वर्षं मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते आहे आणि पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते की व्याख्या नकारात्मक असू नये. 'गाय म्हणजे घोडा नव्हे' ही गायीची व्याख्या होत नाही! मासेमारी न करणारा तर हा समोरचा माईकही आहे, शहागंजातला घड्याळाचा मनोराही आहे... त्यालाही नेता का सहलीला? पण मी चिडले नाही हं. मी फक्त प्रश्न विचारला.

त्याचं असं झालं, की आमचे पुंडलिकराव वाळूजला एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक त्यांना दिसते. आणि ह्याच माणसाला घरी फ्रिजमधलं तूप दिसत नाही! फ्रिज उघडायचा, तुपाच्या डब्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभं राहायचं आणि हाक मारायची, "प्रेरणा, तूप कुठंय?" मी म्हणायचं, "नेहमीच्या जागी!" "प्रेरणा, चष्मा कुठंय?" "नेहमीच्या जागी!" म्हणजे कपाळावर. एकदा मी मोजलं. नमुना म्हणून एक रविवार घेतला, सकाळी सात ते दुपारी एक. एकोणीस वेळा 'कुठंय'! त्यात दोनदा तर 'प्रेरणा कुठंय', आणि मी समोर बसलेले.

तर अशा गृहस्थांनी मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली. काचेसारखं पाणी, त्यात गुडघाभर उभा एक माणूस, हातात लांब काठी, हवेत नागमोडी दोरी... आणि हे एकदम उठून म्हणाले, "अगं, लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आपण दोघंच जाऊ. उबदार हवामानात!" उबदार हवामानात! अहो, आपण मराठवाड्यात राहतो. उबदार हवामान आपल्याकडेच सहलीला येतं आणि चार महिने हलत नाही. मी म्हटलं, "कुठं?" "सेशेल्सकडे, एका बेटावर." "आणि काय करायचं तिथं?" "बोनफिश."

आता बोनफिश म्हणजे काय? मी फक्त प्रश्न विचारला. हे म्हणाले, "हाडमासा." म्हटलं, "अहो, माशाला आपण हाड म्हणत नाही, काटा म्हणतो. काटेमासा म्हणा." "बरं, काटेमासा." "मग इतक्या काट्यांचा मासा खातात कसा?" "खात नाहीत. पकडायचा आणि सोडून द्यायचा."

यावर मला काय वाटलं ते राहू द्या. पिशोरला आमच्या सासूबाई असतात, चतुराबाई, त्यांना फोनवर हे कळलं तेव्हा त्यांनी तर्कशास्त्राची एकही पायरी न चढता थेट गाभाऱ्यात पाऊल ठेवलं. "धरायचा आन् सोडायचा? मंग धरायचा कशाला रं, पुंडलिका? त्या जिवाला इचारलं का?" आणि मग मला म्हणाल्या, "सूनबाई, ह्याला ल्हानपनी ताटातली भाकर बी दावावी लागायची. आता पान्यातला मासा कोन दावनार?" मी हसले. तेव्हा हसले, हे नोंदवून ठेवा.

मग आम्ही त्या प्रवासी कंपनीत गेलो. तिथं सोनिया नावाची मुलगी, अर्धी मराठी, अर्धी हिंदी, पूर्ण उत्साही. "मॅम, आप टेन्शन मत लो! सर मासे पकडतील, पण तुमच्यासाठी पण भरपूर है. मसाज है, योगा है, नारळाचं पेंटिंग है..." मी म्हटलं, "नारळाचं चित्र काढायचं, की नारळावर चित्र काढायचं?" मी फक्त प्रश्न विचारला! तर तिचा चेहरा असा झाला, की हे मला कोपरानं ढोसायला लागले. "मॅम, मैं पूछ के बताती हूं." म्हटलं, "राहू दे बाळा. मला एवढंच सांग, हे सकाळी जाणार किती वाजता आणि येणार किती वाजता?" "सातला नाव निघते, तीनला वापस." सात ते तीन, आठ तास. सहा दिवस. गुणाकार करा... अठ्ठेचाळीस तास! अठ्ठेचाळीस सलग नसले तरी निर्भेळ, कुठंय-मुक्त तास! पंचवीस वर्षांत मला असे दोन सलग मिळाले होते, तेही भुलीखाली होते म्हणून.

मी म्हटलं, "लिही. मला मसाज नको, योगा नको, नारळ कोणत्याच विभक्तीत नको. एक खुर्ची, एक पुस्तक, आणि 'कुठंय' हा शब्द कानावर पडता कामा नये." ती म्हणाली, "ये मैं स्पेशल रिक्वेस्ट में डालूं?" म्हटलं, "डाल. लेखी."

इथंच थांबायला हवं होतं मी. पण माणसाला कुतूहल असतं हो! घरी येऊन मी सहज म्हटलं, "पाणी काचेसारखं, मासा हातभर, मग पकडायला एवढं अवघड काय?" मी फक्त प्रश्न विचारला. हे म्हणाले, "तो दिसतच नाही! अंगावर आरशासारखे खवले. खाली वाळू असली की तो वाळूच होतो." "मग दिसतं काय?" "त्याची सावली." सावली! तुम्हाला सांगते, माझ्या अंगावर काटा आला. सावलीवरून मासा! अहो, डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथं अग्नी आहे, हे अनुमान मी बावीस वर्षं पोरांना शिकवते, आणि धूर पाहून पाहून त्याच डोंगराचा मला कंटाळा आला होता. इथं नवं उदाहरण सापडलं, तेही पोहणारं! मग मी भरती-ओहोटी वाचली. सूर्य पाठीशी का हवा ते वाचलं. नावेचं टोक म्हणजे बारा वाजले, उजवा हात म्हणजे तीन, अशी दिशा घड्याळावर सांगतात, तेही वाचलं. केवळ ज्ञानासाठी!

हे तिकडे गच्चीवर सराव करत होते. गळाला किडा नाही, गांडूळ नाही, नुसती पिसं आणि दोरा बांधलेला. एक दिवस ओरडले, "लागला! लागला! जड आहे!" आणि पलीकडच्या गच्चीवरून काकासाहेबांचा शांत आवाज आला, "पुंडलिकराव, ती आमची बनियन हाय. सोडून द्या." पकडणे आणि सोडणे या तत्त्वानुसार बनियन सोडण्यात आली. भोक पडलं, ते वेगळं.

मग हे म्हणाले, खऱ्या पाण्यावर सराव हवा. रविवारी पिशोरला गेलो, गावाबाहेरच्या तलावावर. मी बाभळीखाली सतरंजी टाकली, पुस्तक उघडलं. रंगीत तालीम, माझीही! हे पॅन्ट दुमडून पाण्यात. काठावर मेंढरं घेऊन मुंजाबा उभा. सासूबाईंच्या ओळखीतला, सत्तरीचा. तो ती पिसं न्याहाळून म्हणाला, "सायेब, ह्याला मासा लागंल? मासा काय येडा हाय व्हय?" हे म्हणाले, "बघा तुम्ही." तो म्हणाला, "म्या बघतोयच. तुमीच बघंनात!"

खरंच हो. अर्धा तास ते पाण्याकडे पाहतायत, तुपाच्या डब्याकडे पाहावं तसं. मी मान खाली घालून वाचतेय. पण बावीस वर्षं परीक्षेला पर्यवेक्षण केलेली बाई मी! तिसऱ्या बाकावर बाहीतून चिठ्ठी सरकली तर वर्तमानपत्राआडून कळतं मला. डोळ्याच्या कोपऱ्यात तळाच्या मातीवर काहीतरी सरकलं... सावली! आणि त्याच क्षणी ह्यांनी, सवयीनं, काही अपेक्षा नसताना हाक मारली, "प्रेरणा, कुठंय गं मासा?"

आणि मी, तुम्हाला शपथेवर सांगते, पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "दहाच्या काट्यावर, वीस फूट, डावीकडे चाललाय."

दोरी गेली. पिसं पडली. आणि काठी अशी वाकली...! पावशेराची चिलापी. ह्यांनी ती दोन्ही हातांत धरली, चुंबन घेतील असं वाटलं, आणि पाण्यात सोडली. मुंजाबा कपाळाला हात लावून म्हणाला, "सोडली? बाई, ह्यांना घरी न्या." पण ह्यांचं लक्ष कुठं होतं? ते वळून माझ्याकडे बघत होते. पंचवीस वर्षांत, शप्पथ, त्यांना समोरची वस्तू पहिल्यांदा सापडली होती. मी!

मीही... हो, लपवायचं कशाला, मीही पुस्तक मिटलं होतं. पुढची सावली दोनच्या काट्यावर होती.

सोमवारी सोनियाचा फोन. "मॅम, सरने फॉर्म चेंज किया. अब आप मासेमारी न करणाऱ्या जोडीदार नहीं हो." "मग कोण आहे?" "सरांनी लिहिलंय, 'मासा दाखवणारी जोडीदार'." आता यावर आक्षेप कसा घ्यायचा? व्याख्या होकारात्मक आहे! नेमकी आहे! माझ्याच फळ्यावरची आहे! "आणि माझी खुर्ची?" "खुर्ची कॅन्सल, मॅम. तुम्ही सरांसोबत नावेत. सात ते तीन." "आणि ती स्पेशल रिक्वेस्ट? लेखी होती ती!" तर ती पोरगी मला म्हणते, "मॅम, वो कागज कुठंय?"

तर मंडळी, फेब्रुवारीत निघतोय. डोळ्यांपुढे उभं राहतं हो सगळं... हिंदी महासागर, गुडघाभर पाणी, क्षितिजापर्यंत एक कपाट नाही, एक फ्रिज नाही. पुढे हे, काठी उगारून. मागे मी. आणि सूर्य बरोबर पाठीशी आल्यावर, त्या अथांग शांततेत, हाक येणार, "प्रेरणा, कुठंय?"

...अहो, नेहमीच्या जागी!