रेडियमच्या पट्ट्या

बॅकस्टेजला पट्ट्या चिकटवणं म्हणजे फुटकळ काम, असं परवा तुमच्यातलंच कुणीतरी म्हणालं ना? त्याला त्या दुपारी लोणावळ्याच्या हॉलवर उभं करायला हवं होतं. नवं नाटक शुभारंभाआधी मोजक्या लोकांसमोर पहिल्यांदाच करून बघत होतो. दुसऱ्या अंकात मिट्ट काळोख होतो आणि आमची नायिका सायली चार फूट उंच चौथऱ्यावरून अनवाणी धावत येऊन अगदी कडेला थांबते. कड कळावी म्हणून मी तिथे रेडियमच्या पट्ट्या लावल्या होत्या.

काळोख झाला आणि एकही पट्टी चमकेना. विंगेत हॉलच्या सफाईच्या मावशी बसल्या होत्या. मी कुजबुजले, "मावशी, चौथऱ्यावरच्या पट्ट्या?"

"त्या व्हय? नारळ फोडायच्या आधी स्टेज लख्ख नको का? लय चिकटल्या व्हत्या, नखानं खरवडून काढल्या बगा."

वर सायलीची पावलं धडधडायला लागली. ओरडावं तर नाटक पडणार, गप्प बसावं तर पोरगी. विंगेत मध्यंतरात पुन्हा लावलेल्या पूजेच्या उदबत्त्या अजून जळत होत्या. त्या उचलल्या, चौथऱ्याखाली धावले आणि हात उंचावून कडेला धरल्या. पावलं थांबली.

पडदा पडल्यावर मी तिला मिठीच मारली. म्हटलं, "उदबत्त्या दिसल्या म्हणून वाचलीस गं!"

"दिसल्या कुठल्या?" ती पाय चोळत म्हणाली. "भीतीनं डोळे गच्च मिटून धावत होते मी. पायाला चटका बसला म्हणून थांबले."