सरकवलेला ठिपका

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत पुढच्या बाकावरचं बोलणं ऐकण्यावाचून इलाज नव्हता. एक वयस्कर वनस्पतितज्ज्ञ आणि तिची जुनी विद्यार्थिनी, आता दुर्मीळ वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात नोकरीला.

"बाई, रस्ता झाला."

"आपल्या रोपांच्या उतारावरून?"

"बरोब्बर तिथूनच. आधी पलीकडून जाणार होता. सगळ्या संस्थांच्या सामायिक नकाशावर आपल्या रोपांचा ठिपका तिकडे दिसला, म्हणून रस्तेवाल्यांनी वळवला."

"अगं, तो ठिपका मी मुद्दाम दोन किलोमीटर सरकवून दिला होता! चोरांनी रोपं उपटून नेऊ नयेत म्हणून."

"हो ना."

"खरी जागा हवी तर अर्ज करा, असं खाली लिहिलं होतं की. करायला काय झालं होतं त्यांना?"

"केला होता, बाई. मीच तुमच्याकडे पाठवला."

"मग?"

"रस्तेवाल्यांना कशाला हव्यात नसत्या चौकशा, म्हणालात."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

"त्यांचं आभाराचं पत्र आलंय. दुर्मीळ रोपं वाचवायला मदत केल्याबद्दल."

"कुणाच्या नावानं?"

"तुमच्या."