घरधनी कोण?

कुणाच्या दारी पाणी मागायची मला सवय नाही. पण त्या दिवशी वेगळंच झालं. मी, दगडू आणि म्हादू, तिघं म्हातारे, सांगोल्याला दगडूच्या लेकीकडे निघालो होतो. गाडी बदलायला फाट्यावर उतरलो, तर समोरच्या घरातून एक माणूस ओरडला, "पाव्हणं, उनात का? आत या की."

गेलो. त्यानं चहा ठेवला, पण साखरेसाठी एकेक डबा उघडून बघायला लागला. मला राहवेना.

"मालकीण बाहेरगावी का?"

"माझी? ती अकलूजला, घरी."

"मग हे घर कुणाचं?"

"नाव इचारायचं ऱ्हायलं. मी बी वाटसरूच. पाणी मागाय आलो, तर मालकानं जेवाय घातलं. म्हनला, शेतातली मोटर बंद करून येतो, तवर घर बघा."

तेवढ्यात त्याची एसटी आली. "आता तुमी बघा," म्हणत तो पळालाच.

मागोमाग आमची आली. दगडू म्हणाला, "चल, लेक जेवायची थांबली आसंल."

"उघडं घर टाकून मी यायचा नाही," मी म्हणालो.

"तुझ्यावर कुणी सोपवलंय रं?"

एसटी गेली. दगडू तोंड फिरवून बसला.

अर्ध्या तासानं चिखलानं भरलेल्या पायांचा एक माणूस दारात आला. मी म्हणालो, "या, बसा. पाणी देतो."

तो बसला, पाणी प्याला, तांब्या खाली ठेवला.

"मालक, परवानगी आसंल तर मोरीत पाय धुतो. मोरी मीच बांधलीया."