तपासणीच्या दिवशीची सुट्टी

श्रीकांत : 'तपासणीच्या दिवशी येऊ नको' असं स्पष्ट कुणी म्हणत नाही, वैजयंती. म्हणायचं नसतंच ते.

वैजयंती : मग काय म्हणायचं असतं, गुरुजी?

श्रीकांत : एवढंच विचारायचं, 'उद्या बागेत काम असेल ना?' मूल मान हलवतं. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब वर्गात येतात, तेव्हा वाचनात कच्ची असलेली मुलं आपापल्या केळीच्या बागेत असतात. हे कुठे लिहिलेलं नाही, कुणी आज्ञाही दिलेली नाही. मी या शाळेत रुजू झालो, तेव्हाही हे असंच चालत आलेलं होतं.

वैजयंती : माझ्या पाचवीतल्या निशाच्या बागेत उद्या काहीच काम नाही. मी विचारलं तिला. घड गेल्याच आठवड्यात कापून ट्रकमध्ये चढले.

श्रीकांत : तू खरोखरच विचारलंस?

वैजयंती : हो. मग म्हटलं, काम नाही तर ये. वेळेवर ये.

श्रीकांत : आणि ते प्रशांत सरांच्या कानावर गेलं. म्हणून तर त्यांनी मला तुझ्याकडे धाडलं. म्हणाले, 'तुमची जुनी विद्यार्थिनी आहे, तुमचंच ऐकेल.'

वैजयंती : हेडमास्तर हुशार आहेत. तुमच्यापुढे मला बोलता येत नाही, हे त्यांना बरोबर माहीत आहे.

श्रीकांत : आतापर्यंत तरी बरंच बोलता येतं आहे.

वैजयंती : गुरुजी, हसवू नका ना. मला खरं सांगा, तुम्हाला हा नियम पटतो?

श्रीकांत : आधी त्याची दुसरी बाजू ऐक. ती कुणीतरी मांडायला हवी. परक्या माणसासमोर लेकराला उभं करायचं. त्याला अक्षरं जुळत नाहीत, सगळा वर्ग त्याच्या तोंडाकडे पाहतो आहे, साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतात. ही शिक्षा त्या जिवाला कशासाठी? ज्याने ही रीत पहिल्यांदा पाडली, त्याला शाळेच्या नावाची काळजी असेल. पण त्या काळजीत थोडी करुणाही मिसळलेली असेल, असं मला आजवर वाटत आलं आहे.

वैजयंती : करुणा असती तर वर्षभर त्यांच्याजवळ बसलो असतो आपण. एक दिवस लपवून काय होतं?

श्रीकांत : माझ्या वर्गात होतीस, तेव्हा असं वाक्य तुझ्या तोंडून कधी आलं नसतं.

वैजयंती : तुमच्या वर्गात तुम्ही मला लपवलंही नव्हतंत. प्रार्थना म्हणताना मी रोज चुकायचे. रोज तुम्ही एकच शब्द बोलायचात, 'पुन्हा.' मला इतका राग यायचा तुमचा. घरी लोधीपुऱ्यापर्यंत रडत जायचे.

श्रीकांत : आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत येऊन उभी राहायचीस. असो. आणखी एक निरोप आहे, तोही माझ्याकडे सोपवलेला. तू अतिथी शिक्षिका. उद्या शेरा वाईट पडला, तर पुढच्या सत्रात तुला बोलावणं येईलच असं नाही.

वैजयंती : सांगितलंत. तुमचं काम झालं, गुरुजी. आता चहा सांगू?

मनकर्णा : मॅडम, येऊ का आत? पुलापल्याडच्या जैनाबादवरून आली मी. निशाची आई.

वैजयंती : या ना, मनकर्णाताई. हे श्रीकांत गुरुजी. वरच्या वर्गांना संस्कृत शिकवतात.

मनकर्णा : नमस्कार गुरुजी. मॅडम, कोनाचं ऐकायचं ते सांगा. तुमी पोरीले म्हनल्या, ये. दुपारी मोठे सर म्हनले, उद्या बागेत काम असंन ना. घरी आली अन् दप्तर कोपऱ्यात टाकून देलं. म्हने, आई, मी कच्ची हाये.

वैजयंती : असं म्हणाली?

मनकर्णा : मागल्या साली बी असंच झालं. तवा मले काय समजलं नाही. म्या म्हनलं, बरं झालं, मदतीले एक हात आला. बागेत दिवसभर पोरगी बोलली नाही. संध्याकाळी शेजारची पोरं सांगत आली, साहेब आले व्हते, बिस्किटं वाटली. तवा उजेड पडला मह्या डोक्यात. यंदा परत घरी बसवली, त मंग कायमचीच बसवा. नाव काढून टाका तिचं. पोरगी बी तेच म्हनते.

श्रीकांत : मनकर्णाबाई, रागावू नका.

मनकर्णा : रागावत नाही, गुरुजी. इचारते. चार लोकांत तिचं हसं व्हनार असंन, त मी धाडत नाही. अन् नसंन व्हनार, त तसं सांगा.

वैजयंती : ताई, खोटं नाही बोलणार. ती अडखळेल. जोडाक्षर आलं की थांबते. पण थांबली म्हणून सोडत नाही, पुन्हा धरते. दिवाळीच्या आधी तिला एक ओळ निघत नव्हती, आता पान काढते. उशीर लागतो, पण काढते. माझ्या वर्गातलं कुणी हसणार नाही, याची गॅरंटी माझी. साहेबांची मी देऊ शकत नाही.

मनकर्णा : गुरुजी, तुमी मोठे हाये. तुमी सांगा काय करू.

वैजयंती : गुरुजींना इथं दुसरंच सांगायला पाठवलंय, ताई.

श्रीकांत : पाठवलं होतं खरं. मनकर्णाबाई, मी इतका वेळ हिला समजावत होतो की लेकराला लाजेपासून वाचवणं ही दया आहे. आपण आता सांगितलंत, ते लेकरू दिवसभर बोललं नाही. म्हणजे जी लाज आम्हाला वाचवायची होती, ती तिने बागेत एकटीने सोसली, आम्हाला दिसली नाही इतकंच. पाठवा तिला.

मनकर्णा : अन् मोठे सर?

श्रीकांत : त्यांना मी सांगतो. पहिला तास मला मोकळा असतो. मी पाचवीच्या वर्गात मागे येऊन बसेन.

मनकर्णा : तुमी बसाल? पाचवीत?

श्रीकांत : बसेन.

वैजयंती : गुरुजी, ते बाक लहान आहेत. गुडघे अडकतील तुमचे.

श्रीकांत : अडकू देत. मध्येच उठून जावंसं वाटलं, तरी जाता येणार नाही.

(दुसरा दिवस, संध्याकाळ. शाळेच्या फाटकाशी मनकर्णा उभी आहे. श्रीकांत गुरुजी बाहेर पडत आहेत.)

मनकर्णा : गुरुजी, थांबा जरा. पोरगी काहीच सांगत नाही. काय झालं म्हनून इचारलं, त म्हने, वाचलं. बस, एवढंच.

श्रीकांत : अगदी खरं सांगितलं तिने. या, इथे पायरीवर बसा, मी नीट सांगतो. साहेबांनी शाळेचं पुस्तक हातात घेतलंच नाही. आपल्या पिशवीतून गोष्टींचं एक पुस्तक काढलं, म्हणजे पाठांतर चालू नये. दोघा-तिघांनी घडाघडा वाचलं. मग साहेब म्हणाले, ती खिडकीजवळची मुलगी.

मनकर्णा : निशा.

श्रीकांत : निशा. उंटाची गोष्ट होती. उंट नदीकाठी येऊन अडून बसला आहे, पाण्यात पाय घालायला तयार नाही. दुसऱ्याच ओळीत तिला जोडाक्षर आडवं आलं. थांबली. साहेबांनी थोडी वाट पाहिली आणि म्हणाले, 'बैठ जाओ, बेटा.'

मनकर्णा : बसली?

श्रीकांत : नाही बसली. म्हणाली, 'साहेब, अजून पान राहिलंय.'

मनकर्णा : असं म्हनली? साहेबाले? घरात त तोंडातून शब्द निघत नाही तिच्या.

श्रीकांत : फार शांतपणे म्हणाली. शेजारची मुलगी कुजबुजून शब्द सांगू लागली, तिलाही हातानेच गप्प केलं. मी वैजयंतीकडे पाहिलं. वाटलं, आता ही पुढे होईल, शब्द पुरवेल, साहेबांची समजूत घालील. ती फळ्यापाशी हात बांधून उभी राहिली, जणू जगात कुठे घाई म्हणून नाही. बाई, मी मोठमोठ्या शास्त्र्यांच्या पायाशी बसून शिकलो आहे. शिष्य अडला असता एक अक्षर न बोलता असं उभं राहणं फार थोड्यांना साधलेलं पाहिलं.

मनकर्णा : मंग? पुढं?

श्रीकांत : मग तो शब्द तिने सोडवला. त्यापुढचाही. साहेब उठायच्या बेतात होते, ते पुन्हा खुर्चीत टेकले. तासाची घंटा झाली, तरी एक मूल हललं नाही. ती ओळीवर बोट ठेवून पुढे जात होती आणि आम्ही सगळे त्या बोटाच्या मागून. उंटाने पाण्यात एक पाय घातला, तिथे पान संपलं. तेव्हा ती आपण होऊन खाली बसली.

मनकर्णा : कोनी हसलं?

श्रीकांत : कुणीही नाही.

मनकर्णा : साहेब काय म्हनले?

श्रीकांत : शेरा लिहिला, 'वाचनाची गती मंद.' प्रशांत सर वैजयंतीवर रागावले. मी शेजारीच उभा होतो, थोडा प्रसाद माझ्याही वाट्याला आला.

मनकर्णा : मॅडमले काढतील का मंग? आमच्या पोरीपायी?

श्रीकांत : हे सत्र संपेपर्यंत ती आहे. पुढच्या सत्राचा विचार ज्या दिवशी होईल, त्या दिवशी त्या खोलीत मीही बसणार आहे. तसं सरांना सांगून ठेवलं आहे. गुडघे अजून दुखताहेत, त्यामुळे बोलण्यात जोर होता. आता आपलं सांगा. नाव काढायचं म्हणत होतात?

मनकर्णा : राहू द्या आता. येते मी, अंधार पडायच्या आत पूल पार करा लागंन. अन् हो, पोरीनं एक इचारून ये म्हनून सांगितलं. मॅडम त निघून गेल्या, तुमीच सांगा.

श्रीकांत : काय ते?

मनकर्णा : तो उंट नदीच्या पल्याड गेला का. साहेबानं पुस्तक तिथंच मिटलं म्हने.

श्रीकांत : मलाही ठाऊक नाही, मनकर्णाबाई. सकाळपासून मीही तेच मनात धरून बसलो आहे.