पाच ओळींपुढची तक्रार

माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. तीस वर्षं बातम्या लिहिल्यावर मी ऑनलाइन कॉलेजात तांत्रिक लेखनाचा कोर्स घेतला. परवा आमच्या कळंबात दिवसभर वीज नव्हती आणि गृहपाठ उशिरा गेला तर शून्य, असा नियम. मी भडकून कोर्सच्या मॅडमना दोन पानांचा ईमेल धाडला.

उत्तर आलं, "ईमेल पाच ओळींचाच, या वर्गाच्या नियमाप्रमाणे पहिल्या पाच ओळी वाचल्या. तुमचा तीस वर्षांचा अनुभव कळला, अडचण कळली नाही."

मी वर्गातल्या शबानाला आर्णीला फोन लावला. "या बाईले पत्रकार कशाशी खातात माहीत नाही."

"काका, लाइन इकडंही गेलती. मी दोन ओळी लिहिल्या, मले दोन दिवस वाढवून भेटले."

"मग त्याच ओळी मले धाड."

"कायले काका? कॉपी सापडली तं दोघायले शून्य हाय."