पाय टेकवायची सवय

हसा, पण आधी ऐकून घ्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी मोटारसायकलला मागं एकाच्या जागी दोन चाकं बसवून घेतली, तेव्हाच मिस्त्रीनं बजावलं होतं, "काका, ही तीन चाकांवर आपली आपण उभी राहते. थांबताना पाय खाली टेकवू नका, मागचं चाक पायावर येईल."

पण तीस वर्षांची सवय अशी जाती व्हय? नांदेडात सिग्नलला गाडी थांबता थांबता पाय टेकलाच, अन् चाक चढलं पंजावर. मी बोंबललो. दोघांनी गाडी उचलून पाय सोडवला, मला रस्त्याच्या कडेला बसवलं.

तेवढ्यात पलीकडून एक धिप्पाड फळवाला बाह्या सारत पळत आला.

"चाचा, कुणाच्या गाडीखाली आला पाय? कुठं हाय तो ड्रायव्हर? आज सोडत न्हाई त्याला!"

मी मान खाली घालून म्हणलं, "बाबा, गाडी माझीच हाय. चालवत बी मीच होतो."

त्यानं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग खाली बसला, माझा पाय मांडीवर घेतला अन् हळूहळू चोळत म्हणाला,

"जाऊ द्या चाचा, माफ करून टाका त्याला. म्हातारा माणूस हाय."